नव्या शिक्षकाचे पहिले वर्ष



जून सरत आला की आपल्या वऱ्हाडात दोन गोष्टींची वाट पाहिली जाते. शेतकरी पावसाची वाट पाहतो आणि आया शाळेच्या घंटेची. पोरेही पाहतात म्हणा, पण ती तसे कबूल करीत नाहीत! उन्हाचा कडाका फार, म्हणून विदर्भातल्या शाळा पुण्या-मुंबईहून थोड्या मागाहून, जूनच्या अखेरीस उघडतात. याच दिवसांत कुठल्याशा फाट्यावर एस.टी. थांबते आणि तीतून एक तरुण किंवा तरुणी उतरते. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात नेमणुकीचा कागद. चहाच्या टपरीवर विचारणा होते, "शाळा कोणत्या अंगाला आहे हो?" टपरीवाला वर पाहतो, क्षणभर न्याहाळतो आणि म्हणतो, "नवे मास्तर दिसून राह्यले!"

या नव्या मास्तरांविषयी आज चार शब्द बोलायचे आहेत. पदविका मिळाली, पात्रता परीक्षा झाली, निवड झाली. तरी शिक्षक खऱ्या अर्थाने तयार होतो तो पहिल्या वर्षात, वर्गाच्या चार भिंतींत. त्या वर्षात काय घडते, काय चुकते आणि चुकलेले कसे कामी आणावे, एवढाच आपला विषय. दुसऱ्याच्या चुका सांगणे सोपे असते, म्हणून सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

सोनाळा हे गाव तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेला, संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी ते वसले आहे. संत सोनाजी महाराजांमुळे भाविकांच्या तोंडी त्याचे नाव आहे. गावाच्या दक्षिणेला पूर्णेच्या खोऱ्याची काळी जमीन पसरली आहे. कापूस, तूर, सोयाबीन ही पिके आणि अधूनमधून संत्र्याच्या बागा. उत्तरेला तोंड केले की डोंगर. 1997 साली जाहीर झालेले अंबाबरवा अभयारण्य याच बाजूला आहे आणि ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पात मोडते. म्हणजे सोनाळा हा सपाटी आणि डोंगर यांचा सांधा. नकाशावर हे सहज दिसते. पण हा भाषांचाही सांधा आहे, हे नकाशावर दिसत नाही. ते कळायला वर्गातच उभे राहावे लागते.

माझी पहिली नेमणूक 1988 साली झाली. सोनाळ्याच्या वरच्या अंगाला, डोंगराकडची एक दोन-शिक्षकी शाळा. गावाचे नाव सांगत नाही, कारण चूक गावाची नव्हती. पहिली ते चौथी हे चार वर्ग दोन खोल्यांत बसत. पहिली-दुसरी माझ्याकडे होती. त्या सुमारास केंद्र सरकारची खडू-फळा योजना नुकती सुरू झाली होती आणि तिच्यातून शाळेला साहित्याची पेटी मिळाली होती. मणी, ठोकळे, चित्रांचे तक्ते, सारे नवे कोरे. ते हरवले तर हिशेब कोण देणार, या भीतीने मी पेटीला कुलूप लावून ठेवले. ही माझी पहिली चूक. दुसरी याहून मोठी आहे.

पहिलीत एक मुलगा होता. रोज यायचा, दाराजवळ बसायचा, बोलायचा काहीच नाही. नाव विचारले तर खाली पाही. "पाच बोटे दाखव" म्हटले तर माझ्या तोंडाकडे बघत राही. मी आवाज चढवला, तसा तो आणखी आक्रसला. दिवाळीआधी प्रगतिपुस्तके भरायची वेळ आली. शेऱ्याच्या रकान्यात त्याच्या नावापुढे मी लाल शाईने लिहिले, "मंदबुद्धी. बोलत नाही." लिहिताना हात जरासुद्धा अडखळला नाही. मला वाटले, मी एक वस्तुस्थिती नोंदवीत आहे.

सुटी संपायच्या दोन दिवस आधी मी परतलो. दिवेलागणीच्या वेळी गावातून चाललो होतो, तर एका गोठ्याच्या तोंडाशी तोच मुलगा उभा. शेळ्या आत सोडीत होता आणि मोजीत होता. "मिया, बारी..." असे काहीतरी त्याचे चालले होते. थोड्या वेळाने म्हणाला, "गेल", आणि एक खडा भिंतीवर ठेवला. पुन्हा सुरुवात. पुन्हा "गेल", पुन्हा खडा. मी चरकलो. मला वाटले, शेळ्या गेल्या, हरवल्या! शेजारी बाजेवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांना म्हटले, "काहो, किती शेळ्या गेल्या?" ते पोट धरून हसले. म्हणाले, "गुर्जी, गेली नाई एकबी. त्यायच्या कोरकू बोलीत गेल म्हंजे धा. पोरगं मोजून राह्यलं." मग हसू आवरून त्यांनी एक वाक्य सांगितले, ते मी आजवर विसरलो नाही. "पोरगं काही मुकं नाई, गुर्जी. तुमची बोली त्याले समजत नाई, अन् त्याची तुमाले."

मंडळी, विचार करा. दहा-दहाचे गट पाडून, प्रत्येक दहाला एक खडा ठेवून मोजणे म्हणजेच दशक आणि एकक. जे मी त्याला दोन महिने शिकवू पाहत होतो, ते त्याला येत होते. न येणारा वर्गात एकच होता, आणि तो खुर्चीवर बसला होता.

शाळा उघडली त्या दिवशी मी पेटीचे कुलूप काढले आणि मणी बाहेर घेतले. पण तो आला नाही. आई-बाप कापूस वेचायला खाली सपाटीवर गेले होते आणि पोरगे त्यांच्याबरोबर. त्या वर्षी तो परतला नाही. पुढच्या जूनला पटावर त्याचे नाव होते, तो नव्हता.

आता ही बोलीची गोष्ट नीट समजून घेऊ या. कोरकू ही मराठीची पोटभाषा नव्हे. मराठी, हिंदी, गुजराती या एका कुळातल्या बहिणी. कोरकू निराळ्या घरची. झारखंडकडच्या संथाळी आणि मुंडारी या भाषांच्या मुंडा कुळातली ती अगदी पश्चिमेची भाषा. "कोरो" म्हणजे माणूस, आणि "कू" लावले की अनेकवचन. कोरकू म्हणजे माणसे. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश मिळून सात लाखांहून अधिक लोकांनी ही आपली मातृभाषा म्हणून नोंदवली. शेजारच्या जळगाव जामोद तालुक्यातल्या काही गावांत तर याहून नवलाची भाषा आहे. ती म्हणजे निहाल समाजाची निहाली. डच पंडित कायपर यांनी 1962 साली तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तिच्यात कोरकूचे शब्द खूप आहेत, मराठी-हिंदीचेही आहेत. पण मुळात ती कोणत्याच ज्ञात कुळात बसत नाही. बोलणारे उरले आहेत अंदाजे दोन-अडीच हजार. जगभरचे अभ्यासक जिच्यासाठी आपल्या जिल्ह्याची वाट धरतात, ती भाषा बोलणारे लेकरू आपल्या वर्गात दाराजवळ गप्प बसलेले असते आणि आपण शेरा लिहितो, "बोलत नाही"!

तुम्ही म्हणाल, "आमच्या गावात कोरकूही नाहीत आणि निहालही नाहीत. आमची पोरे मराठीच बोलतात." बरोबर आहे. पण कोणती मराठी बोलतात? पुस्तकात "शेत" असते, घरी "वावर" असते. पुस्तकातला मुलगा म्हणतो, "मला येत नाही." सोनाळ्याचा म्हणतो, "मले येत नाई." नवे शिक्षक पश्चिम महाराष्ट्रातले असोत की वऱ्हाडातलेच, पदविकेच्या अभ्यासात त्यांच्या कानांना एकच मराठी शुद्ध म्हणून शिकवलेली असते. पोर "मले" म्हणाले की ते लगेच टोकतात, "मले नव्हे, मला म्हण." चार वेळा टोकले की पोर पाचव्यांदा बोलतच नाही. भाषा सुधारली असे आपल्याला वाटते. खरे म्हणजे ती बंद पडलेली असते.

आणि "मले" म्हणणारी मराठी काय कमी प्रतीची आहे? मराठीतला आद्य गद्य ग्रंथ मानले जाणारे लीळाचरित्र तेराव्या शतकात म्हाइंभटांनी सिद्ध केले, ते वऱ्हाडातल्या रिद्धपूरला. त्याच रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठही आहे. मग आपण वऱ्हाडी पोराला त्याच्या आजीच्या बोलीची लाज वाटायला का लावावी? प्रमाण मराठी त्याला आलीच पाहिजे. परीक्षा, अर्ज, वर्तमानपत्र, सारे तिच्यात आहे. पण तिच्यापर्यंत पोचायची पायवाट घरच्या बोलीतून जाते. फळ्यावर "वावर" लिहा, शेजारी "शेत" लिहा आणि सांगा, "घरी आपण असे म्हणतो, पुस्तकात असे लिहितात." एक शब्द खोडण्याऐवजी मुलाच्या पदरात दोन पडले.

अंकांचेही तसेच आहे. आपण "एकवीस" म्हणतो, म्हणजे आधी एक आणि मग वीस. लिहिताना मात्र आधी दोन लिहितो आणि मग एक. लहान पोर "एकवीस" ऐकून 12 लिहिते, यात त्याचा दोष काय? 2019 च्या जूनमध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "एकवीस" बरोबरच "वीस एक" असे वाचन आले, तेव्हा केवढी टीका झाली, आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांचे म्हणणे साधे होते. जोडाक्षरांनी आणि उलट्या क्रमाने अडखळणाऱ्या मुलाला एक सोपी पायरी द्यावी, जुने शब्द काढू नयेत. त्या वादात कोणाची बाजू कोणती, ते बाजूला ठेवा. पण ज्याने पहिलीच्या वर्गात वर्षभर काढले आहे, त्याला ही अडचण खोटी वाटणार नाही.

हे काही आपल्याकडचेच दुखणे आहे असे नाही. 1953 साली युनेस्कोने जगभरच्या तज्ज्ञांचे मत प्रसिद्ध केले, की मुलाला शिकवायचे उत्तम माध्यम त्याची मातृभाषा. आपल्या 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातही शक्य तेथवर मातृभाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तेच सांगितले. कागद पक्का आहे. पण कायदा वर्गात येतो तो शिक्षकाच्या कानांतून. न्यूझीलंडमध्ये सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर नावाच्या एक शिक्षिका होऊन गेल्या. त्यांच्या वर्गात माओरी आदिवासींची मुले असत. पुस्तकातले शब्द त्या मुलांना चिकटत नसत. तेव्हा बाईंनी रोज सकाळी एकेका मुलाला जवळ घेऊन विचारायला सुरुवात केली, "आज तुला कोणता शब्द हवा?" तो सांगेल तो शब्द त्या जाड कागदावर लिहून त्याच्याच हातात देत. जो शब्द मुलाला मनापासून हवा असे, तो त्याला एकदा पाहून वाचता येई. "टीचर" हे त्यांचे पुस्तक 1963 साली निघाले. पैसा लागला किती? कागदाचे तुकडे आणि एक पेन. आपल्याकडे हे करून पाहा. कोणी म्हणेल "बोंड", कोणी "ढोर", कोणी "एस.टी.", आणि एखादे कोरकू लेकरू म्हणेल "डा", म्हणजे पाणी. लिहा देवनागरीत. अक्षरे तीच आहेत.

आता नव्या शिक्षकाच्या दुसऱ्या अडचणीकडे वळू. ती म्हणजे शांतता सहन न होणे. आपण प्रश्न विचारतो आणि लगेच उत्तर हवे असते. आले नाही की दुसऱ्याला विचारतो, नाही तर स्वतःच सांगून मोकळे होतो. अमेरिकेत मेरी बड रो या संशोधक बाईंनी 1970 च्या सुमारास अनेक वर्गांतील बोलणे ध्वनिमुद्रित करून तपासले. शिक्षक उत्तरासाठी सरासरी किती थांबत असावेत? जेमतेम एक सेकंद! ज्यांनी तीन सेकंद किंवा जास्त थांबायची सवय लावून घेतली, त्यांच्या वर्गात उत्तरे लांब आली, अधिक मुलांनी दिली, आणि जी "कच्ची" समजली जात होती तीही बोलू लागली. तीन सेकंद म्हणजे मनात सावकाश "एक, दोन, तीन" म्हणायचे. नव्या माणसाला तेवढा वेळ युगासारखा वाटतो, कारण वर्ग गप्प झाला की आपले अज्ञान उघडे पडेल असे त्याला भय असते. पण जे मूल मनात एका बोलीतून दुसऱ्या बोलीत उत्तर आणत असते, त्याला तो वेळ हवाच.

भयाचा विषय निघालाच आहे, तर छडीविषयीही बोलू. नव्या शिक्षकाचा हात छडीकडे जातो तो बहुधा रागाने नव्हे, भीतीने. वर्ग हाताबाहेर जाईल, मुख्याध्यापक काय म्हणतील, खिडकीतून पाहणारे गावकरी हसतील! शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना बंदी केली आहे, हे तर खरेच. पण कायदा नसता तरी छडीने एक नुकसान ठरलेले होते. भ्यालेले पोर चुकत नाही. ते गप्प बसते. आणि जे चुकतच नाही, त्याचे कुठे अडले ते शिक्षकाला कळावे कसे?

फजिती झालेले पहिले शिक्षक आपणच, असे नव्यांना वाटते. त्यांनी गिजुभाई बधेकांचे "दिवास्वप्न" जरूर वाचावे. गिजुभाई भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेतले थोर बालशिक्षक. 1932 साली गुजरातीत निघालेल्या या पुस्तकातला शिक्षक मोठ्या उमेदीने चौथीचा वर्ग घेतो. पहिल्या दिवशी शांततेचा खेळ खेळवायचे ठरवतो. आणि होते काय? मुले आवाज काढतात, दंगा करतात, बेत पार ओमफस होतो. तो घरी जाऊन विचार करतो, दुसऱ्या दिवशी बेत बदलतो आणि गोष्ट सांगायला बसतो. वर्ग चिडीचूप! पाहा, एवढ्या मोठ्या माणसाने आपल्या पुस्तकाची सुरुवात फजितीने केली. ती लपवली असती तर पुस्तक छापील उपदेश झाले असते.

गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक आणि ताराबाईंच्या शिष्या अनुताई वाघ यांची हकीगतही अशीच. 1945 साली या दोघी ठाणे जिल्ह्यात, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यात, बोर्डीला कामाला लागल्या. पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांचे काम वाढले. आदिवासी पाड्यांवरची मुले शाळेत येईनात. मग बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांना दिवसा सवड नसे, तर शाळा कुरणात भरवली. तिला नाव मिळाले कुरणशाळा. मुले शाळेत येत नाहीत अशी तक्रार करण्याऐवजी त्यांनी विचारले, शाळा मुलांकडे का जात नाही? माझा तो मुलगा खडे ठेवून शेळ्या मोजीत होता, तेव्हा खरे म्हणजे त्याची शाळा गोठ्याच्या तोंडाशी भरली होती. मी तिथे वेळेवर पोचलो नाही, एवढेच.

तर मग करावे काय? माझे सांगणे अगदी लहान आहे. नव्या शिक्षकाने एक वही घालावी. पाठाचे टाचण असते ते निराळे. ते तपासणीसाठी असते. ही वही कोणाला दाखवायची नाही. शाळा सुटल्यावर, पोरे घरी गेल्यावर, दहा मिनिटे बसावे आणि दोन प्रश्नांची उत्तरे लिहावीत. पहिला: आज वर्गात कोण बोलले नाही? दुसरा: आज माझा बेत कुठे फसला? बस. "मुले दंगा करतात" असे लिहू नका. त्यातून काही हाती लागत नाही. "दुपारी जेवणानंतर वजाबाकी घेतली, मागची चार मुले झोपेला आली" असे लिहा, म्हणजे वजाबाकी सकाळी घ्यावी हे आपोआप सुचते. "अमक्या तारखेपासून मागच्या कोपऱ्यातली मुलगी बोललेली नाही" असे सलग सहा दिवस लिहिले गेले, की सातव्या दिवशी पाय तिच्या घराकडे वळतात. वहीचा गुण हाच, की जे रोज डोळ्यांसमोर असून दिसत नाही, ते ती दाखवते.

रोज लिहिणे कठीण वाटत असेल तर शेजारच्या खानदेशातले एक उदाहरण सांगतो. 1924 साली अमळनेरच्या शाळेत एक तरुण शिक्षक रुजू झाले, पांडुरंग सदाशिव साने. वसतिगृहाची जबाबदारी आली, तेव्हा ते मुलांसाठी "छात्रालय दैनिक" हाताने लिहून काढू लागले. दिवसभराचे काम आटोपून, दुसऱ्या दिवशी मुलांनी वाचावे म्हणून लिहायचे. पुढे सारा महाराष्ट्र त्यांना साने गुरुजी म्हणू लागला. गुरुजी ही पदवी त्यांना नेमणुकीच्या कागदाने दिली नव्हती.

ज्या शाळेत पट साठच्या आत आहे, तिथे कायद्याप्रमाणे दोनच शिक्षक असतात आणि वर्ग मात्र चार किंवा पाच. अशा ठिकाणी नव्या माणसाला सल्ला द्यायला शेजारी कोणी नसते. म्हणून केंद्रावर भरणाऱ्या शिक्षण परिषदेचा उपयोग करावा. तिथे परिपत्रके वाचून होतातच. पण अर्धा तास असा ठेवावा, की प्रत्येक नव्या शिक्षकाने वहीतली एक फसलेली गोष्ट सांगायची आणि जुन्यांनी उपदेश न करता आपली तशीच एक सांगायची. जुन्यांनो, हे तुम्हाला जड जाईल. वीस वर्षे झाली की आपल्याही पहिल्या वर्षी पाय लटपटले होते, हे आपण विसरतो. जरा आठवा.

आता दोन शब्द गावकऱ्यांसाठी. नवे शिक्षक येतात ते बहुधा लांबून. 2000 सालापासून शिक्षण सेवक योजनेप्रमाणे पहिली तीन वर्षे त्यांना मानधनावर काढावी लागतात. प्राथमिकला सुरुवातीला हे मानधन महिना 3,000 रुपये होते. 2023 पासून ते 16,000 झाले आहे. त्यात घरभाडे, जाणे-येणे आणि गावाकडे आई-वडिलांना पाठवायचे पैसे. अशा माणसाने पहिल्या दिवसापासून बदलीचा विचार करावा की गावात रमावे, हे थोडेफार तुमच्याही हातात आहे. व्यंकटेश माडगूळकरांची 1955 सालची "बनगरवाडी" कादंबरी पुष्कळांनी वाचली असेल. धनगरांच्या वस्तीवर एक पोरसवदा मास्तर येतो. शाळा आहे, पण मुले मेंढरांमागे. हळूहळू वस्ती त्याला आपला मानते आणि मग शाळा भरते. आधी माणूस रुजतो, मग शाळा रुजते.

तुम्ही काय करू शकता, सांगू का? भाकरी-ठेचा दिलात तर आनंदच आहे, पण त्याहून मोलाची वस्तू तुमच्यापाशी आहे, ती म्हणजे माहिती. कोणाचे लेकरू कोणती बोली बोलते, कोणाचे आई-बाप वेचणीला बाहेर जातात, कोण आजीपाशी राहते, कोणाला कमी ऐकू येते, हे सारे तुम्हाला ठाऊक असते आणि शिक्षकाला कळायला वर्ष लागते. बाजेवरचे ते म्हातारे मला जुलैतच भेटले असते तर! कायद्याने प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात तीन-चतुर्थांश पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. समितीच्या पहिल्या बैठकीत इमारतीची आणि खिचडीची चौकशी करालच. पण एखादी माऊली उठून एवढेच म्हणाली, "मॅडम, माह्या पोरीले तुमची बोली अजून समजत नाई, थोडं सांभाळून घ्या," तर त्या एका वाक्याने त्या मुलीचे वर्ष वाचेल.

आणि एखाद्या कोरकू घरातली ताई किंवा दादा दहावी-बारावी झालेला गावात असेल, तर त्याला आठवड्यातून एकदा वर्गात बोलवा. त्याने एक गोष्ट त्यांच्या बोलीत सांगावी, शिक्षकाने तीच मराठीत. दोन महिन्यांत शिक्षकाला पन्नास शब्द येतील. गुरुजी चुकत-माकत आपली बोली बोलू लागले की मुले मनापासून हसतात. हसू द्या. ज्या वर्गात गुरुजीही चुकतात, तिथे मुलांना चुकायचे भय उरत नाही.

माझ्या त्या प्रगतिपुस्तकाचे काय झाले, असे कोणी विचारील. लाल शाईचा शेरा मी खोडला. त्याखाली लिहिले, "दहा-दहाचे गट करून बिनचूक मोजतो. त्याच्या भाषेत." खाली सही केली. पण ते वाचायला ना तो होता, ना त्याचे आई-बाप, आणि असते तरी त्यांना ते वाचता आले नसते. पुस्तक शाळेच्या कपाटात राहिले. त्यानंतरच्या सगळ्या वर्षांत मी पुष्कळ मुलांची प्रगतिपुस्तके भरली. "बोलत नाही" हे शब्द पुन्हा कधी लिहिले नाहीत. त्याऐवजी वहीत लिहिले, "अजून माझ्याशी बोललेला नाही." या दोहोंत फरक किती, ते नव्या शिक्षकांनी आपल्या पहिल्या वर्षात आपणच पाहावे.

येत्या जूनमध्ये तुमच्या फाट्यावर जी एस.टी. थांबेल, तिच्यातून उतरणाऱ्याला शाळेची वाट दाखवा. आणि जाता जाता एवढे सांगा, "गुरुजी, एक कोरी वही घेऊन ठेवा."